सपाट दिवसाची फेरी

माझ्या शेडमधला पंखा माझ्याशिवाय कधीच कोणी बंद केला नव्हता. त्या मंगळवारी सकाळी साडेअकराला तो माझ्या मुलीने बंद केला.

मी सर्फबोर्ड दुरुस्त करतो. लाटेवर उभं राहायचा बोर्ड खडकावर आपटला की त्याला खड्डा पडतो, तडा जातो, टोक उडतं. मी तो भाग कापून काढतो, आत भर घालतो, वरून काचेच्या धाग्यांचं कापड लावून त्याला रेझिन, म्हणजे घट्ट होणारं रसायन, पाजतो आणि घासून मूळच्यासारखं करून देतो. रेझिनचा वास छातीत बसतो म्हणून भिंतीत एक दांडगा पंखा लावलाय, बंद पडलेल्या गिरणीतून आणलेला. तो सुरू असला की समोरचा माणूस कितीही ओरडला तरी मला फक्त त्याचे दात दिसतात. गावात मला पंखेवाला म्हणतात ते त्यामुळे. मला फोन केला तर ऐकू येत नाही, म्हणून माझे सगळे निरोप मुलीकडे जातात.

रेझिनमध्ये हार्डनर टाकलं की हातात दहा मिनिटं असतात. त्यानंतर ते दगड होतं. त्या दहा मिनिटांत मला हाक मारायची नाही, हे घरात सगळ्यांना लहानपणापासून पाठ. मुलगी दारात उभी राहिली तेव्हा माझ्या हातात ब्रश होता आणि समोरच्या कापडाचा अर्धाच भाग ओला झाला होता. मी हाताने थांब म्हणून खूण केली. ती थांबली नाही. सरळ आत आली आणि बटण दाबलं.

पाती फिरत फिरत थांबली. समुद्र त्या दिवशी सपाट होता, त्याचाही आवाज नव्हता.

"बाबा, मावशीचा फोन होता," ती म्हणाली. आई गेली, हे मला पंखा थांबला तेव्हाच कळलं होतं.

बायको आदल्या दिवशी शहरातल्या इस्पितळात गेली होती. पित्ताशयातला खडा काढायचा होता. दोन दिवसांत घरी, असं डॉक्टर म्हणाले होते. मी येतो म्हटलं तर तिने उडवून लावलं. "तुम्ही येऊन काय करणार? बाकावर बसून भिंतीचे पोपडे मोजणार. ताई आहे माझ्याबरोबर. त्यापेक्षा तो पिवळा बोर्ड करा एकदाचा. तीन आठवडे मागतेय. मी आले की लागेल मला."

पिवळा बोर्ड आमचाच होता. घराच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत, त्या ती पाहुण्यांना देत असे. नवशिक्यांसाठी ठेवलेला तो लांबलचक बोर्ड कोणीतरी खडकावर नेऊन आपटला होता. घरचं काम म्हणून तो रांगेत सगळ्यात शेवटी होता. त्या मंगळवारी मी नेमका तोच करत होतो.

संध्याकाळी शेडमध्ये आलो तेव्हा डब्यात रेझिनचा दगड झाला होता. ब्रश त्यात उभाच्या उभा अडकलेला. बोर्डावरचं कापड अर्धं काचेसारखं, अर्धं कोरडं पांढरं.

*

आमच्या गावात लोक लाटांसाठी येतात. पण लाटा काही पगारी नोकर नाहीत. वर्षातले बरेच दिवस समुद्र सपाट असतो, म्हणजे गुडघ्याएवढं पाणी नुसतं मागेपुढे करतं. त्या दिवशी पाहुण्यांची तोंडं बघावीत. बावीस वर्षांपूर्वी तर अशा दिवशी गावात करण्यासारखं काहीच नव्हतं. अशाच एका दिवशी आमच्या व्हरांड्यात सहा जण पत्ते कुटत बसले होते आणि बायकोला असं ऐकवत होते की जणू समुद्र तिनेच बंद करून किल्ली कमरेला लावलीय.

ती म्हणाली, "उठा. चप्पल घाला. गाव दाखवते."

"गावात बघण्यासारखं काय आहे?" एकाने विचारलं.

"बघण्यासारखं नसेल तर करण्यासारखं असेल. उठा आधी."

तिथून ती फेरी सुरू झाली. सपाट दिवस असला की ती दाराबाहेरच्या पाटीवर खडूने लिहायची: आज फेरी, नऊ वाजता. तिचा नियम एकच होता. प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट बघायची आणि एक गोष्ट स्वतःच्या हाताने करायची. हात खिशात घालून फिरणारा माणूस तिला चालत नसे. "इथे हात बाहेर काढा, खिसे काही पळून जात नाहीत," असं ती मोठमोठ्या साहेबांनाही सांगायची. गावाने तिला फेरीवाली असं नाव ठेवलं. तिला ते आवडायचं. "भाजी नाही विकत, गाव विकते," म्हणायची.

पाहुणे लाटांसाठी यायचे आणि परत जाताना फेरीबद्दल बोलायचे, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. लाटांच्या दिवसांचं गाव समुद्राने उभं केलं. बाकीच्या दिवसांचं तिने.

मी मात्र एकदाही फेरीला गेलो नाही. मला काम असायचं. फेरी शेवटी माझ्या शेडच्या दारात यायची तेवढंच मला माहीत. मी आत मास्क लावून, पंखा चालू. दारात ती पाहुण्यांना काहीतरी सांगताना दिसायची. सगळे माझ्याकडे बघायचे, मी हात वर करायचो, ते हात वर करायचे, आणि मी परत खाली मान घालायचो. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघावं तर दाराशी उभ्या केलेल्या तयार बोर्डावर पंज्यांचे ठसे. पॉलिश केलेल्या बोर्डावर, वरपासून खालपर्यंत.

त्यावरून आमचं किती वेळा वाजलं त्याला गणती नाही.

"तुझ्या पाहुण्यांना सांग, बोर्ड म्हणजे टेकायची भिंत नाही."

"सांगते हं."

"मागच्या वेळीही सांगते म्हणालीस."

"मग यावेळीही सांगते."

आणि पुढच्या सपाट दिवशी परत ठसे. मी फडकं घेऊन पुसायचो आणि पुटपुटायचो. बावीस वर्षं पुसले.

*

ती गेल्याला तीन आठवडे झाले तेव्हा मास्तर घरी आले. मास्तर म्हणजे सर्फिंगच्या शाळेचे मालक. चांगला माणूस, पण बोलताना टोपी हातात घेऊन फिरवत बसतो.

"रविवारी समुद्र सपाट आहे," ते म्हणाले. "शाळेत अकरा जण आहेत. फेरी ठरलेली होती, आधीपासून."

"बरं."

"बस लावायची म्हणतोय. त्या पाण्याच्या पार्कात."

शेजारच्या शहरात एक पार्क निघालंय. मोठा हौद आहे, त्यात यंत्राने लाटा काढतात. दर पंधरा मिनिटांनी भोंगा वाजतो आणि लाट येते. बायकोला त्या पार्काचा भारी राग. समुद्राच्या गावी येऊन टाकीत डुंबायचं, हे तिच्या डोक्यातच शिरत नसे.

"एकदा बस लावली की दर वेळी लावावी लागेल," मास्तर म्हणाले. "बसवाला एका दिवसासाठी येत नाही, वर्षाचं बोलतो. म्हणून आधी तुमच्या कानावर घालतोय."

म्हणजे फेरी संपली, असं ते म्हणत होते. सरळ म्हणवत नव्हतं त्यांना.

"बस नको," मी म्हणालो. "फेरी मी नेतो."

मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती पोस्टात नोकरी करते, सपाट दिवशीही तिला सुट्टी नसते आणि रविवारी घरच्या पाहुण्यांचं बघायचं असतं, त्यामुळे तीही कधी फेरीला गेलेली नाही. "बाबा, तू? तुला तर बर्फाचा कारखाना कुठल्या बाजूने उघडतो तेही माहीत नाही."

"विचारीन."

"काय सांगणार लोकांना? ही भिंत, हा दरवाजा?"

"पाच दिवस आहेत ना अजून."

मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली. "रविवारी नऊ वाजता अकराही जण तुमच्या दारात उभे करतो," ते म्हणाले. जाता जाता मागे वळून म्हणाले, "पण पंखेवाले, नीट झाली पाहिजे हो. त्यांनी ऐकलंय फेरीबद्दल."

*

तिने लिहून काहीच ठेवलं नव्हतं. म्हणून मी एकेकाकडे गेलो.

किनाऱ्यावर पाण्यावर लक्ष ठेवणारा जीवरक्षक आहे, त्याला सगळे शिट्टी म्हणतात. तो मला वर मचाणावर घेऊन गेला. "काका, इथे काकू लोकांना विचारायच्या, पाण्यात कुठून शिराल? बोट दाखवा. तुम्ही दाखवा बघू."

मी जिथे पाणी शांत होतं तिथे दाखवलं.

शिट्टी हसला. "सगळे तिथेच दाखवतात. तिथेच ओढ आहे. वाळूपाशी चढलेलं पाणी तिथूनच परत आत जातं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. शांत दिसतं ते नेणारं पाणी. मग मी नारळ टाकतो. नारळ कुठे जातो ते बघायचं, आणि प्रत्येकाने एकदा टाकायचा."

चाळीस वर्षं मी या किनाऱ्यावर राहतोय आणि बोट चुकीच्या जागी दाखवलं. कोणाला सांगू नको म्हटलं त्याला.

बर्फाच्या कारखान्यात पाहुणे आकडा घालून बर्फाची लादी घसरगुंडीपर्यंत ओढतात. दोघांनी ओढायची, तिसऱ्याने हसायचं, असं बर्फवाल्याने सांगितलं. "तुझी बायको इथे एक वाक्य बोलायची. या गावातलं सगळ्यात जड पाणी इथे मिळतं. तेवढं विसरू नकोस. त्यावर लोक हसतात, आणि मग ओढायला गेले की हसत नाहीत."

दवाखान्यातल्या सिस्टरकडे एक बरणी आहे. समुद्रातल्या काटेरी गोळ्यांवर पाय पडला की पायात काटे मोडतात. तिने तीस वर्षांत काढलेले काटे त्या बरणीत ठेवलेत. पाहुण्यांना ती केळ्याच्या सालीत काटा मोडून देते आणि चिमट्याने काढायला लावते. "तुमच्या बाईसाहेबांनी मला या कामाला लावलं," सिस्टर म्हणाली. "मी म्हटलं, कोण बघायला येणार ही बरणी? तर म्हणाल्या, तुम्ही ठेवलीत ना? मग बघणारे पण येतील. खरंच आले."

पिशवीवाली बोर्डांसाठी जाड कापडाच्या पिशव्या शिवते. ती माझ्याशी आधी बोललीच नाही. मशीनवर मान घालून शिवत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, ताई इथे आल्या की माझ्या मशीनला हात लावू द्यायच्या नाहीत कोणाला. म्हणायच्या, मशीन हिचं आहे, तुम्ही हाताने शिवा. तळव्याला चामड्याचा तुकडा बांधून दोन पदरांतून सुई काढायची. एकच टाका. दुसरं कोणी लोक घेऊन आलं तर मी सुई देणार नाही. तुम्ही आणलेत तर देईन."

"माझा टाका वाकडा येईल."

"सगळ्यांचा येतो. ती पिशवी विकायची नाहीच. हे बघा." तिने फळीवरून एक पिशवी काढली. तिच्या कडेने शेकडो टाके होते, एकासारखा दुसरा नाही. "बावीस वर्षांत दुसरी पिशवी भरत आलीय."

तिथून निघताना मला पहिल्यांदा नीट कळलं की माझी बायको काय करत होती. मी घरी भाकरी खाणारा, पंखा लावून बसणारा माणूस. आणि हिने घराबाहेर एवढं मोठं काम उभं केलं होतं. रस्त्यात भेटणाऱ्याला थांबवून सांगावंसं वाटलं, की ही बाई माझी होती.

पण शेवटचा थांबा राहिला. तो माझ्याच दारात. तिथे ती काय सांगायची, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. शिट्टी म्हणाला सिस्टरला विचारा, सिस्टर म्हणाली पिशवीवालीला. प्रत्येक जण आपापल्या जागी असायचा. माझ्या दारात फक्त पाहुणे असायचे, आणि पाहुणे निघून जातात. हजर असलेला गावातला एकच माणूस मी, आणि मी पंखा लावून बसलेलो.

*

शनिवारी संध्याकाळी दातांची डॉक्टर आली. ही बाई दरवर्षी एकटी येते, कोपऱ्यातली खोली घेते. मुलीने खोली ठरवताना तिला आई गेल्याचं फोनवर सांगितलं होतं. ती बॅग हातात घेऊनच व्हरांड्यात बराच वेळ उभी राहिली.

"उद्या फेरी आहे?" तिने पाटीकडे बघून विचारलं. पाटी मुलीने लिहिली होती. अक्षर आईचं नव्हतं, पण शब्द तेच.

"आहे. मी नेतोय. तुमची झालीय की, चार वेळा."

"पाचव्यांदा येते. माझं एक काम राहिलंय."

मला वाटलं, पिशवीवालीकडे टाका घालायचा असेल.

रविवारी सकाळी अकरा अधिक एक, बारा जण घेऊन मी निघालो. मास्तरही मागून आले, म्हणजे तेरा. माझा आवाज सवयीने मोठा आहे. पहिल्याच वाक्याला शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, पंखा नाहीये इथे." लोक हसले आणि मला जरा बरं वाटलं.

सगळं धड झालं असं नाही. मचाणावर मी शिट्टीच्या आधीच सांगून बसलो की ओढ कुठे आहे, त्यामुळे बोट चुकण्याची मजाच गेली. बर्फाच्या कारखान्यात मी जड पाण्याचं वाक्य विसरलो. लादी ओढून झाल्यावर बर्फवाल्यानेच ते सांगितलं, आणि तेव्हा कोणी हसलं नाही. पण नारळ आत जाताना सगळे पुढे वाकून बघत राहिले. सिस्टरकडे एका दांडग्या माणसाच्या चिमट्यात काटा येईना आणि त्याच्या बायकोने दोन झटक्यात काटा काढून दिला. ती त्याला म्हणाली, "घरी पण बल्ब मीच बदलते." पिशवीवालीकडे बारा टाके पडले, मास्तरांचा धरून तेरा. त्यांनी बावीस वर्षांत प्रथमच घातला. कोणी एकदाही विचारलं नाही की लाटा कधी येणार.

साडेअकराच्या सुमारास आम्ही माझ्या शेडपाशी आलो. दाराशी तिवईवर पिवळा बोर्ड उभा होता. बायको गेल्यानंतर आठव्या दिवशी मी अर्धं कापड खरवडून काढलं, परत लावलं, आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड घासून पॉलिश करून टाकला. तिने मागितला होता, तेव्हा तो आधी संपवायचा, एवढंच डोक्यात होतं. दुसरा कुठलाच बोर्ड तयार नव्हता.

"ही माझी शेड," मी म्हणालो. "इथे बोर्ड दुरुस्त होतात. फेरी संपली."

लोक निघायच्या बेतात होते. दातांची डॉक्टर हलली नाही.

"संपली कशी? इथलं करायचं राहिलंय."

"इथे काय करायचं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चेष्टा करतोय. मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"पंखा चालू असायचा," मी म्हणालो.

"हो. त्याही तेच म्हणायच्या." ती बाकीच्यांकडे वळली, आणि मग जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता सांगितलं. "इथे त्या म्हणायच्या, आतल्या माणसाला ऐकू जात नाही म्हणून सांगते, पंखा बंद असता तर सांगितलं नसतं. या किनाऱ्यावर असा हात दुसरा नाही. हा बोर्ड फुटलेला होता. कुठे फुटला होता ते डोळे मिटून, हाताने शोधून दाखवा. ज्याला सापडेल त्याला आमच्याकडे एक आठवडा खोली फुकट."

कोणीतरी विचारलं, "सापडलं कोणाला?"

"बावीस वर्षांत एकालाही नाही. मी चार वेळा हरलेय. माझा तर धंदाच हा आहे, दात बोटाने तपासायचे. केसाएवढं उंच राहिलं तरी मला कळतं."

मला ते ठसे आठवले. वरपासून खालपर्यंत पंजे. कोणी टेकत नव्हतं. शोधत होते.

मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. मास्तर टोपी फिरवत होते. पहिला माणूस पुढे झाला, डोळे मिटून दोन्ही हात फिरवले. "छे, नाही." मग दुसरा. मग ती काटा काढणारी बाई. तिचा मला जरा धसका होता, पण ती टोकापर्यंत जाऊन परत आली आणि मान हलवून बाजूला झाली. अकराच्या अकरा झाले. खरं सांगतो, तोवर मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा ताठ उभं राहावंसं वाटत होतं. वाटत होतं, आता जाऊन तिला म्हणावं, बघ, अजून नाही सापडलं कोणाला.

शेवटी दातांची डॉक्टर. तिने बाह्या वर केल्या, डोळे मिटले, बोटांची टोकं लावली. मधून टोकाकडे सावकाश गेली. परत मागे आली. थांबली. एक बोट तिथेच ठेवून तिने डोळे उघडले.

"इथे," ती म्हणाली. "जरासं बसलंय."

तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. बोट उचलायला लागली तर मी म्हणालो, "थांबा, ठेवा तिथेच."

मी डोळे मिटून तिच्या बोटाशेजारी हात लावला. दोन बोटं रुंद, नखाच्या जाडीएवढीही खोल नसलेली जागा. नवीन शिकणाराही करणार नाही अशी चूक. रेझिन वरून कडक झालं तरी आतून आठवडाभर बसत राहतं. तेवढं थांबायचं, मग घासायचं. मी दुसऱ्याच दिवशी घासलं होतं. घासलं तेव्हा सपाट होतं, नंतर आत गेलं. मी परत हात लावून बघितलाच नव्हता. आणि जागा नेमकी तीच होती, जिथे त्या मंगळवारी कापड कोरडं राहिलं होतं.

लपवता आलं असतं. हो, मूळचाच आहे तसा, असं म्हटलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. पण ती बावीस वर्षं या दारात उभी राहून सगळ्यांसमोर पैज लावत होती, ती माझं काम खरं आहे या भरवशावर.

"बरोबर आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तिथेच फुटला होता. सापडलंय. बाईंना एक आठवडा खोली."

"मला नको हो," डॉक्टर हळूच म्हणाली. "हे काही जिंकणं नाही."

"तिचा शब्द आहे. मी कोण नाही म्हणणारा?"

तिने थोडा विचार केला. "मग घेते. पण कोपऱ्यातलीच हवी."

मास्तरांनी घसा साफ केला. "पंखेवाले, पुढच्या सपाट दिवसाचं काय सांगू बसवाल्याला?"

"नको म्हणून सांगा. फेरी आहे."

लोक पांगले. जाताना त्या दांडग्या माणसाने माझा हात हातात घेऊन उलटापालटा करून बघितला, जणू विकत घेणार होता. डॉक्टर मागे राहिली होती. मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने कधी? मी दर वेळी भांडायचो त्या ठशांवरून."

"मी विचारलं होतं एकदा त्यांना."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, आधीच माझ्याशी बोलायला पंखा बंद करत नाहीत. हे कळलं तर दारही लावून घेतील."

मी हसलो. तिचं बरोबर होतं. लावून घेतलं असतं.

त्यानंतर दोन सपाट दिवस आले आणि दोन फेऱ्या झाल्या. मचाणावर आता मी तोंड बंद ठेवतो. जड पाण्याचं वाक्य मला पाठ झालंय. माझ्या दारात मला माझ्याबद्दल बोलवत नाही, म्हणून मुलीने पोस्टात सांगून त्या वेळेपुरती सुट्टी मागून घेतलीय. तेवढ्यापुरती ती येते आणि आईचं वाक्य बोलते. मी आत जाऊन पंखा लावतो. तिवईवर आता दुसरे बोर्ड असतात, आठवडाभर थांबून घासलेले. अजून कोणाला सापडलेलं नाही. ठसे मी पुसत नाही.

पिवळा बोर्ड आत भिंतीला टेकवून ठेवलाय. ती जागा खरवडून परत भरायची आहे, थांबायचं आहे आणि मग घासायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.